नागसेनवनाची वाट

केळना आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावर जाफराबाद वसले आहे. आज ते जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यात होते. गाव सोडून थोडे पुढे गेले की बुलढाणा जिल्ह्याची शीव लागते. एसटीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ती शीव आता कळतही नाही. तीच पिके, तीच काळी माती, तीच बोली. पण १९४८ पूर्वी या शिवेला फार मोठा अर्थ होता. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. अलीकडे निजामाचे राज्य, म्हणजे लोकांच्या तोंडची मोगलाई.

शिवेच्या पलीकडचा, चिखलीकडचा एखादा मुलगा मॅट्रिक झाला तर त्याला अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज होते आणि १९२३ पासून नागपूरला विद्यापीठ होते. अलीकडच्या मुलाची तऱ्हा निराळी. तो घरी मराठी बोले, वरच्या वर्गांत उर्दूतून शिके, फार तर १९२३ साली औरंगाबादला निघालेल्या उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजात दोन वर्षे काढी. आणि पदवी हवी असेल तर मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने थेट हैदराबाद गाठी. तेथले उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हिंदुस्थानातले पहिले विद्यापीठ, ही त्याची थोरवी खरीच. फक्त ती भाषा जाफराबादच्या शेतकऱ्याची नव्हती, शिंप्याची नव्हती आणि गावकुसाबाहेरच्या माणसाची तर नव्हतीच. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना अखेर नागपूर विद्यापीठाने जवळ केले, तेव्हा या शिवेचे महत्त्व साऱ्या हैदराबाद संस्थानाला कळले.

ही सारी आठवण आज काढायचे कारण असे की, महाविद्यालये एकत्र आणावीत, लहान संस्था मोठ्यांत मिसळाव्यात, संलग्नतेची जुनी पद्धत मोडीत काढावी, हा विचार आता सरकारी धोरणाचा भाग झाला आहे. त्यावर बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले जाते. पण ज्या माणसाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्वतःच्या आयुष्यात हाताळल्या, त्याची साक्ष कोणी काढीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घटनाकार म्हणून, महाडच्या तळ्याचे आणि नागपूरच्या दीक्षेचे नायक म्हणून आपण नित्य स्मरण करतो. विद्यापीठ कसे असावे यावर त्यांनी तिशी ओलांडताच सरकारी समितीपुढे मांडणी केली होती आणि साठीला टेकताना मराठवाड्याच्या माळरानावर कॉलेज उभे केले होते, ही बाजू मात्र थोडी मागे पडते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. वर्गात बसायचे गोणपाट घरून न्यायचे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचे, हे त्यांचे शाळेतले दिवस सर्वांना ठाऊक आहेत. त्यामानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट मुंबईची आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलसारख्या नामांकित सरकारी शाळेत प्रवेश मिळाला, फी भरली, वर्गात जागाही मिळाली. पण संस्कृत शिकू दिले नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. दार उघडे, पण आतल्या एका खोलीला कुलूप, असा हा प्रकार. प्रवेश म्हणजे नुसते हजेरीपटावरचे नाव नव्हे, हे त्यांना त्या वयातच उमगले असावे. पुढे ते जिद्दीने संस्कृत शिकले, ते वेगळे.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. वडील रामजी सुभेदार पेन्शनर. परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसारही आणि अभ्यासही. कॉलेजचा खर्च झेपणार नव्हता. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी मध्यस्थी केली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या पंचवीस रुपयांवर एल्फिन्स्टन कॉलेज झाले आणि १९१२ साली बी.ए.ची पदवी हाती आली. १९१३ मध्ये पुन्हा सयाजीरावांचीच दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून १९१६ मध्ये लंडनला. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. शिष्यवृत्ती एक वर्ष कमी पडली की विद्वानाचे काय होते, हे त्यांनी अंगावर सोसलेले आहे.

लंडनमध्ये त्यांनी जे पाहिले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लंडन विद्यापीठ सुरुवातीला केवळ परीक्षा घेणारे होते. शिकवायचे कॉलेजांनी, पेपर काढायचे आणि पदव्या वाटायच्या विद्यापीठाने. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती याच नमुन्यावर. पुढे लंडनने आपला नमुना बदलला. १८९८ च्या कायद्याने तेथली कॉलेजे विद्यापीठाच्या शिकवण्याच्या कामात ओढली गेली, आणि बाबासाहेब ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले ती संस्था १९०० साली त्या विद्यापीठाचा भाग झाली. मुंबई मात्र लंडनने टाकून दिलेला अंगरखा घालूनच बसली होती.

परत आल्यावर बडोद्याच्या नोकरीत काय झाले ते थोडक्यात सांगतो. करारानुसार महाराजांच्या सेवेत ते रुजू झाले, पण परदेशात शिकून आलेल्या या माणसाला बडोदे शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हाकलले. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. त्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. शाळा नव्हे, कॉलेज नव्हे; आधी वसतिगृह. शाळा सरकारच्या होत्या, नगरपालिकांच्या होत्या. गावाहून आलेल्या अस्पृश्य मुलाला रात्री पाठ टेकायला आणि दोन घास खायला जागा नव्हती. बडोद्याच्या धर्मशाळेचा आणि सोलापूरच्या वसतिगृहाचा संबंध मला तरी स्पष्ट दिसतो.

मधल्या काळात, १९१८ ते १९२०, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी परवानगी काढून येऊन बसत, असे चरित्रकार सांगतात. त्याच कॉलेजात सहकारी प्राध्यापकांपैकी काहींना त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या माठाचे पाणी पिण्यास हरकत होती. या पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राची उसनवारी, यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले.

आता १९२५ कडे येऊ. मुंबई विद्यापीठात सुधारणा करण्यासाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. तिने लांबलचक प्रश्नावली काढून जाणकारांची मते मागवली. बाबासाहेबांनी लेखी उत्तरे दिली. ती आज वाचताना गंमत वाटते, कारण हा माणूस येथे पुढारी म्हणून बोलतच नाही. तो अस्सल मास्तर म्हणून बोलतो. मुंबई शहरात कॉलेजे बरीच, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. तोच विषय चार ठिकाणी चार जण एकाच पातळीवर शिकवतात आणि एकालाही त्यात खोल उतरायला सवड नाही. दुसरीकडे विद्यापीठाने १९१९ पासून आपले पदव्युत्तर विभाग स्वतंत्र काढलेले. बाबासाहेबांना ही फाळणी मान्य नव्हती. उत्तम शिक्षक वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले तर खालच्या मजल्यावरच्या मुलांनी कोणाकडून शिकायचे? आणि ज्याला केवळ बी.ए.च्या परीक्षेपुरतेच शिकवायचे आहे त्याने संशोधन कशासाठी करायचे? त्यांचे म्हणणे असे की, शहरातल्या कॉलेजांनी आपले अध्यापक एकत्र आणावेत, विद्यापीठ आणि कॉलेज यांचे शिक्षण एकच मानावे, आणि विद्यापीठाने परीक्षा हेच आपले जीवितकार्य समजणे सोडावे. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर एकत्रीकरणाचा पुरस्कार त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी केला होता.

पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, मुंबई कायदेमंडळाचे सभासद म्हणून ते शिक्षणखात्याच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. त्यांनी आकडे मांडले: प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभरांतली अठराच मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम सरकार विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल करते, हायस्कुलांच्या बाबतीत सुमारे ३१ टक्के. याला ते शिक्षणाचा व्यापार म्हणत. जे वर्ग नुकते कुठे शाळेच्या पायरीवर येत आहेत त्यांना शिक्षण शक्य तेवढे स्वस्त करून दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी विद्यापीठ कायद्याच्या चर्चेत त्यांनी सिनेटमध्ये मागासवर्गीयांना जागा मागितल्या. विद्यापीठ चालवायचे कोणासाठी, याचा निर्णय ज्या खोलीत होतो त्या खोलीत आपला माणूस असला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

शिक्षकांना एकत्र आणणे हा शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न. फी, वसतिगृह, अंतर आणि अधिकार हा प्रवेशाचा. बाबासाहेबांनी हे दोन प्रश्न कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत आणि एकासाठी दुसऱ्याचा बळीही दिला नाही. आपल्याकडच्या चर्चेत नेमके हेच सुटते.

मराठवाड्याशी त्यांचा संबंध कसा जुळला? १९३४ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची लेणी पाहायला आले होते. दौलताबादच्या किल्ल्याशी प्रवासाने धुळकटलेल्या मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून तेथे कल्लोळ झाला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १९३८ च्या डिसेंबरात कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या परिषदेला ते आले. मराठवाड्यातल्या दलितांमध्ये त्या सभेची आठवण अजून जागती आहे.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांनी लगेच सरकारपुढे निवेदन ठेवले. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी काय? या खटपटीतून १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली, तिच्यासाठी दरसाल तीन लाखांची तरतूद झाली. भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणून आज खेड्यापाड्यांतली लाखो मुले जी ओळखतात तिचे मूळ येथे आहे. एका महाराजांच्या मर्जीवर मिळालेल्या पंचवीस रुपयांचे रूपांतर त्यांनी सरकारी हक्कात करून घेतले.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. जागा कोणती, तर मरीन लाइन्सजवळच्या युद्धकाळातल्या लष्करी बराकी. कॉलेज सर्व जातींना खुले होते. शिक्षकही सर्व जातींचे होते.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री, घटनेच्या कामात आकंठ बुडालेले. तरीही त्यांनी औरंगाबादकडे लक्ष वळवले. जून १९५० मध्ये सोसायटीचे कला व विज्ञान महाविद्यालय तेथे सुरू झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. साऱ्या मराठवाड्यात पदवीच्या शिक्षणाची वाट ही अशी स्वातंत्र्यानंतर मोकळी झाली. मुंबईत बाबासाहेबांना कॉलेजे फार आणि विखुरलेली दिसली होती, म्हणून त्यांनी ती जोडायला सांगितले. मराठवाड्यात जोडायला काही नव्हतेच. येथे आधी उभे करायला हवे होते.

जागा निवडली तीही पाहण्यासारखी. शहराबाहेर, लेण्यांच्या डोंगराच्या बाजूचे उजाड माळरान. प्राचार्य म्हणून मुंबईहून म. भि. चिटणीस आले. इमारतींचे नकाशे, बांधकाम, प्राध्यापकांच्या नेमणुका, वसतिगृहे, झाडे, साऱ्यात बाबासाहेबांचे स्वतःचे लक्ष. दिल्लीतून वेळ काढून ते औरंगाबादला मुक्काम करीत आणि कामावर जाऊन उभे राहत. दौलताबादच्या हौदापासून काही कोसांवर, ज्या मुलांच्या आजोबांना पाण्याला हात लावता येत नव्हता त्यांच्यासाठी आणि बाकी सर्वांसाठीही, हे विद्यास्थान उभे राहत होते.

१९५१ हे साल या दृष्टीने विलक्षण गेले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातल्या वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांतले जातवार वाटप घटनाबाह्य ठरवले. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि पंधराव्या कलमात चौथे पोटकलम आले. मागासवर्गीयांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रवेशाच्या विशेष तरतुदी त्यामुळे शक्य झाल्या. कायदेमंत्री बाबासाहेबच होते. १ सप्टेंबरला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादच्या महाविद्यालयाची कोनशिला बसली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिपद गेले, कॉलेजचे काम चालू राहिले.

महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भल्याभल्या पंडितांना प्रश्न विचारून निरुत्तर करणारा हा राजा नागसेन या भिक्षूपुढे मात्र हरला आणि त्याने ते कबूल केले. विद्यार्थ्याने राजासारखे निर्भयपणे प्रश्न विचारावेत आणि उत्तर पटले तर ते मान्यही करावे, ही अपेक्षा त्या नावात आहे. एखाद्या संस्थानिकाचे किंवा देणगीदाराचे नाव देणे सोपे गेले असते.

पहिली काही वर्षे हे कॉलेज उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. चिटणिसांनी लिहिलेले युगयात्रा हे नाटक येथल्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले. पुढे याच परिसरात डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक काम करीत होते, आणि मराठीतल्या दलित साहित्याच्या चळवळीचे एक मोठे केंद्र येथे तयार झाले. भाकरीची चिंता वसतिगृहाने वाहिली, तेव्हा मुलांच्या हातात लेखणी आली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादपासून सुटून मुंबई राज्यात आला. त्यानंतर सव्वा महिन्याने, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. राज्य बदलले तरी मराठवाड्याच्या कॉलेजांचे विद्यापीठ बदलले नव्हते, परीक्षा हैदराबादच्या. ती नाळ तुटली २३ ऑगस्ट १९५८ रोजी, जेव्हा पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. विद्यापीठाची जागा नागसेनवनाला लागूनच. त्याच वर्षी जालन्याला जे.ई.एस. महाविद्यालय निघाले आणि जाफराबाद, भोकरदनकडच्या मुलांना पदवीची शाळा एका एसटीच्या अंतरावर आली.

या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. मोर्चे, तुरुंगवास आणि सोळा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामकरण झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. नामांतराच्या त्या वर्षांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एवढेच नोंदवायचे आहे की, ज्या मुलांच्या घरांना आगी लागल्या त्यांच्यातले कित्येक जण शिकून नोकरीला लागलेले, किंवा शिकत असलेले होते. कॉलेजचे दार उघडल्याने गावात काय बदलले, हे जाळणाऱ्यांनाही कळले होते.

आता आजच्या प्रश्नाकडे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले आहे. संस्था मोठ्या, अनेक विद्याशाखांच्या असाव्यात, शक्यतो तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या असाव्यात, आणि प्रत्येक जिल्ह्यात किंवा जवळपास अशी एक तरी मोठी संस्था २०३० पर्यंत असावी, असे धोरण सांगते. महाराष्ट्रात समूह विद्यापीठांची सुरुवात झालीही आहे. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ उभे राहिले ते चार सरकारी संस्था एकत्र आणून: इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज, एल्फिन्स्टन कॉलेज आणि सिडनहॅम कॉलेज. बाबासाहेब ज्या कॉलेजात शिकले ते, आणि ज्यात त्यांनी शिकवले ते, दोन्ही आता एका विद्यापीठात आहेत. साताऱ्याला, जेथे त्यांचे नाव शाळेत पहिल्यांदा लिहिले गेले, तेथे २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये जोडून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. १९२५ च्या त्यांच्या उत्तरांशी याचे नाते उघड आहे, आणि ते त्यांना आवडले असते असे म्हणायला हरकत नाही. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम यांच्यातले अंतर विद्यार्थ्याला चालत कापता येते.

जाफराबादचे गणित निराळे आहे. येथून जालना सुमारे पन्नास किलोमीटर, आणि २०२३ पासून ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले ते औरंगाबाद सुमारे शंभर. आंबेडकर विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत चारशेहून अधिक संलग्न महाविद्यालये आहेत. त्यांतली काही नावापुरती आहेत, काहींत विद्यार्थ्यांपेक्षा बाके जास्त आहेत, काहींत प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढला आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी मुलगा केवळ पदवीचा कागद घेऊन बाहेर पडत असेल तर त्याचीही फसवणूकच होते. परीक्षा हेच जीवितकार्य मानणाऱ्या विद्यापीठावर बाबासाहेबांनी घेतलेला आक्षेप या चारशेंतल्या कित्येकांना तंतोतंत लागू पडतो. तेव्हा लहान म्हणून सारेच राखा, असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही.

पण जोडायचे म्हणजे काय, हे आधी ठरले पाहिजे. प्राध्यापकांनी गावाकडे यायचे, की मुलांनी जिल्ह्याला जायचे? राज्य परिवहनाची अहिल्याबाई होळकर योजना मुलींना बारावीपर्यंत मोफत पास देते. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही सरकारने माफ केली आहे. फार चांगले झाले. मात्र बारावीनंतर मोफत पास संपतो, शेतातले काम संपत नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने अंधार पडायच्या आत घरी पोचता येत नसेल तर बहुतेक घरांतून मुलीचे कॉलेज थांबते. जिल्ह्याच्या मोठ्या संस्थेत तिच्यासाठी वसतिगृहात खाट असेल तर गोष्ट वेगळी. सोलापूर आधी आणि सिद्धार्थ नंतर, हा क्रम त्या काळी पैशांच्या टंचाईतही पाळला गेला होता. आजच्या कोणत्याही विलीनीकरणाच्या प्रस्तावात इमारती, विद्याशाखा आणि पदे यांचे तक्ते असतात. वसतिगृहाच्या खाटांचा तक्ता पहिल्या पानावर असावा, अशी मागणी पालकांनी करायला हवी. आणि त्या समितीच्या खोलीत तालुक्याच्या गावचा माणूस असावा, हीही. सिनेटमधल्या जागांसाठी १९२७ मध्ये झालेली मागणी याच जातीची होती.

जाफराबादला आज कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे महाविद्यालय आहे. त्याचे नाव सिद्धार्थ. त्याच नावाचे १९४६ चे मुंबईचे कॉलेज सकाळच्या वेळी भरत असे. त्याचे विद्यार्थी कचेऱ्यांतले कारकून होते, आणि तास संपवून त्यांना वेळेवर कामावर हजर व्हायचे असे.